अकरा सेकंद

काचेपलीकडे बसलेल्या निवेदकाला तिने तीन बोटे दाखवली. तीन मिनिटे राहिली होती. त्याने खांदे उडवले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे हनुवटीने खूण केली. पावणेअकराला त्या खुर्चीत बसून ज्याने मधमाश्यांविषयी पंधरा मिनिटे बोलायचे, तो माणूस अजून उगवलाच नव्हता.

ती जिन्यापर्यंत गेली, कठड्यावरून वाकून पाहिले, तशीच परत आली. पहारेकऱ्याचा फोन लागेना. तिकडे आतली ध्वनिफीत संपत आली होती. कुणी एक शिक्षक मुलांचे अक्षर का बिघडते हे समजावून सांगत होते, आणि त्यांचे बोलणे संपले की नभोवाणी गप्प होणार होती. देशभर.

राष्ट्रीय नभोवाणीच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर गाणे होते आणि मधल्या मजल्यावर बोलणे. पहाटेच्या चिंतनापासून रात्रीच्या शेवटच्या बातम्यांपर्यंत मधला मजला बोलत राही. आरोग्यसल्ला, पिकांची माहिती, बायकांची चर्चा, मुलांची गोष्ट, कायदा, प्रवासवर्णनाचे वाचन, श्रोत्यांची पत्रे. सकाळपाळीत हे सगळे बोलणे वेळेवर सुरू होऊन वेळेवर थांबते आहे ना, हे पाहणे तिचे काम. एक संपले की मनात मोजून ती बोट वर करी आणि निवेदक पुढचे सुरू करी. सगळे तिला मागे मिनिटबाई म्हणत. तिला ते ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर आवडतही होते.

दोन मिनिटे राहिली तेव्हा तिने भिंतीतले कपाट उघडले. तयार फितींमध्ये बरोबर पंधरा मिनिटांची एकच होती, संध्याकाळी पावणेआठला लागणारी ‘आपली पत्रे’. तिने ती उचलली, डबीवरच्या आकड्यावर एकदा बोट ठेवून पाहिले आणि निवेदकाच्या हातात नेऊन दिली.

“हे आत्ता?” तो म्हणाला.

“हे आत्ता. मधमाश्या संध्याकाळी.”

याहून जास्त ती दोघे एकमेकांशी बोलत नसत. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बातम्यांनंतर या निवेदकाने, आवाजात जराही फरक न करता, सांगून टाकले होते की एक डबा टेबलावर राहिला आहे, ज्याचा असेल त्याने परत येऊन न्यावा. त्याची मुलगी त्या दिवशी परीक्षेला बसणार होती. देशातल्या किती लोकांनी त्या सकाळी आपापले टेबल तपासले, देव जाणे. पाळीच्या खुर्चीवर तीच होती. नोंदवहीत तिने वेळ लिहिली, वाक्य लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, “वैयक्तिक निरोप. अक्षम्य.” त्या एका शब्दापायी तो तीन महिने पहाटे साडेपाचला हवामान वाचत होता. परत आला तेव्हा त्याने तिला नमस्कार केला, तो आजतागायत रोज करत होता. तेवढाच.

अक्षरांचे शिक्षक थांबले. तिने मोजले, बोट वर केले. बासरीची ती छोटीशी धून सुरू झाली, सात स्वर वर चढणारी आणि तीन हलकेच उतरणारी, अशी मिनिटभर पुन्हा पुन्हा वाजणारी.

आणि ती धून कानावर पडताच तिला घरची औषधाची बाटली आठवली.

घरी मामंजी एकटे होते. तिचे सासरे. चाळीस वर्षे स्टेशनमास्तर होते, आणि आता काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. भिंतीवरचे टोल्यांचे घड्याळ त्यांनी निवृत्तीच्याच आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकले होते, जन्मभर त्याची चाकरी केली, आता ते घरात नको म्हणून. नजर गेल्यावर औषधांची पंचाईत झाली. तिचा नवरा पूल तपासायला गावोगाव फिरे, तिची सकाळपाळी कधी रात्रीपर्यंत लांबे, आणि मामंजींना परका माणूस घरात चालत नव्हता. तेव्हा तीन वर्षांपूर्वी तिनेच ही युक्ती काढली. रेडिओ दिवसभर लावलेला असायचा. साडेसातला आरोग्यसल्ल्याचा सूर वाजला की हृदयाच्या बाटलीतली एक गोळी. संध्याकाळी पत्रांची बासरी वाजली की दुसरी. बाटलीच्या मानेला तिने सुतळी बांधून दिली होती, हाताला कळावी म्हणून.

डॉक्टरांनी बजावले होते की ही गोळी ठोके आवरते. दोन गोळ्यांमध्ये दहा तास गेलेच पाहिजेत. नाहीतर ठोके इतके आवरतील, असे म्हणून त्यांनी वाक्य तसेच सोडून दिले होते आणि पुढची चिठ्ठी लिहायला घेतली होती.

साडेसात ते पावणेअकरा. सव्वातीन तास.

एरवी सकाळ-संध्याकाळ न कळायला मामंजी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण अलीकडे नऊच्या बातम्या ऐकून त्यांचा डोळा लागे, आणि त्या झोपेतून उठले की घटकाभर त्यांना उजाडते आहे की मावळते आहे याचा पत्ता नसे. गेल्याच महिन्यात दुपारी उठून त्यांनी सकाळचे दूध आले का, असे विचारले होते.

तिने शेजारणीचा नंबर फिरवला. शेजारीण शिवणकाम करी, तिच्याकडे फोन होता. घंटा वाजत राहिली. सात, आठ, नऊ. तिने फोन ठेवला आणि निवेदकाच्या खोलीचे जाड दार ढकलले. कार्यक्रम चालू असताना त्या दारातून जायचे नसते, हा नियम पाळायला तिनेच किती जणांना शिकवले होते.

“थांबवा,” ती म्हणाली. “वेळ बदलल्याचं निवेदन करायचं राहिलं. ते करू या.”

नियमाने ते बरोबरच होते. पण निवेदकाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि नियमाचे काही विचारले नाही.

“बासरी संपली की बाई नमस्कार म्हणते, मग पहिल्या पत्राआधी फट आहे. तिथे थांबवतो. तुम्ही लिहा.”

तिने टेबलावरचा कागद ओढला. फितीवरची बाई नमस्कार म्हणाली. निवेदकाने फीत थांबवली, लाल दिवा लागला, माइक उघडा झाला. आता खोलीत श्वासही जपून घ्यायचा. आणि तिच्या हाताने कागदावर पहिला शब्द लिहिला तो “मामंजी”.

तिने तो खोडला. पुन्हा पेन टेकवले. पुढचा शब्द येईना. वीस वर्षांत तिने शेकडो निवेदने उभ्या उभ्या लिहिली होती. निवेदक वाट पाहत होता, एक हात माइकच्या बाजूला, डोळे त्या खोडलेल्या शब्दावर. भिंतीवरचा सेकंदकाटा आपला चालला होता. शेवटी दोन ओळी झाल्या, तिने कागद सरकवला.

“श्रोतेहो, एक निवेदन,” तो म्हणाला, त्याच त्या खडीसाखरेसारख्या आवाजात. “नेहमी संध्याकाळी पावणेआठला होणारा ‘आपली पत्रे’ हा कार्यक्रम आज काही कारणाने सकाळीच सादर होत आहे. या वेळी सकाळचे दहा वाजून शेहेचाळीस मिनिटं झाली आहेत.”

कागद इथे संपला होता. त्याने तो पालथा घातला.

“तेव्हा ज्यांची संध्याकाळची कामं या बासरीवर चालतात, त्यांनी ती संध्याकाळीच करावीत. घाई नाही.”

लाल दिवा विझला आणि पत्रे सुरू झाली. तिने निवेदकाकडे पाहिले. तो फितीच्या चाकाकडे पाहत होता, जणू काही झालेच नाही.

बाहेर येऊन ती नोंदवहीपुढे बसली. ही वही दर सोमवारी केंद्रप्रमुखांपुढे जाई. तीत सगळे लिहायचे असते. कोण कधी बोलले, कुणाला ठसका लागला, कुठे शांतता पडली आणि किती. तिने लिहिले, “१०.४६. शांतता, अकरा सेकंद. निवेदनाचा मजकूर वेळेवर दिला नाही, चूक माझी. निवेदनात एक वाक्य जादा.” शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबले. तिथे काय लिहायचे ते तिला माहीत होते. दोन वर्षांपूर्वी लिहिलेच होते. तिने रकाना कोरा ठेवला आणि पुन्हा शेजारणीचा फोन फिरवला. घंटा वाजत राहिली.

मग तिने दुपारपाळीच्या अधिकाऱ्याला फोन केला. त्यांना सगळे सावकाशराव म्हणत, ते तोंडावरसुद्धा. दोनला यायचे ते सव्वादोनला येत आणि आल्यावर आधी चष्मा पुसत. घरी म्हातारं माणूस एकटं आहे, काळजी वाटते, जरा लवकर येता का, असे तिने विचारले. तिने आजवर कधी कुणाला असे काही विचारले नव्हते.  ते लगेच निघालोच म्हणाले, आणि हे त्यांच्या तोंडून ऐकूनच तिला जास्त भीती वाटली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मधमाश्यांचा माणूस सापडला. तो साडेनऊपासून तळमजल्यावरच्या बाकावर बसला होता. पहारेकऱ्याने बसा म्हटले, म्हणून बसला. मध्ये पहारेकरी बदलला, नव्याने काही विचारले नाही, याने काही सांगितले नाही. मांडीवर कागदांची गुंडाळी आणि त्यावर हात, देवळात बसावे तसा. वर आणल्यावर त्याने तिचीच क्षमा मागितली. मधमाश्यांपाशी घाई करून चालत नाही, त्यामुळे आपल्याला बसायची सवय आहे, म्हणाला. तिला हसावे की रडावे ते कळेना. तिने त्याला पाणी दिले, खुर्चीत बसवले आणि त्याचे बोलणे संध्याकाळसाठी फितीवर घेतले. तो सुरेख बोलला. राणीमाशी नाहीशी झाली तर पोळ्याला ते थोड्याच वेळात कसे कळते, हे त्याने कागदाकडे न पाहताच सांगितले. ती काचेपलीकडे बसून मिनिटे मोजत होती आणि दुसरा हात फोनवर होता.

एकच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा सावकाशराव गावाच्या दुसऱ्या टोकाहून, दोन बस बदलून, धापा टाकत आले. चष्मा न पुसताच त्यांनी खुर्ची ओढली. तिने पिशवी उचलली. जाता जाता निवेदकाच्या दाराशी ती थांबली. बातम्या दुसऱ्या खोलीतून जात होत्या, त्याचा माइक बंद होता.

“तुमच्या मुलीचा तो डबा,” ती म्हणाली. “मिळाला होता का तिला?”

त्याने नाही अशी मान हलवली.

“बसमध्ये होती ती. बसमध्ये कुठला रेडिओ? उपाशीच पेपर लिहिला.” मग म्हणाला, “तुमचं कोण असतं घरी?”

“सासरे.”

“रेडिओपाशीच बसतात?”

“दिवसभर.”

“मग झालं,” तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर झालेले दिसत नव्हते.

बस येईना म्हणून ती चालत निघाली. एरवी वीस मिनिटांचा रस्ता. दुपारच्या त्या वेळेला दुकानादुकानात रेडिओ चालू होते, आणि तिने परवाच वेळापत्रकात बसवलेला वकील एका दुकानातून दुसऱ्या दुकानात तिच्याबरोबर चालत होता. न्हाव्याकडे तो मृत्युपत्राचे महत्त्व सांगत होता. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडे, साक्षीदार दोन हवेत म्हणाला. घड्याळवाल्यापाशी येईतो माणूस अचानक गेला तर काय करावे, इथवर मजल गेली होती. एरवी ती अशी कान देऊन ऐके की वक्ता कुठे अडखळतो, कुठे कागद वाजतो. आज ती पदर सावरून जवळजवळ पळत होती. बोलण्याचा दिवस आपला चालूच होता, त्याला कुणाची तमा नव्हती.

जिना चढताना शेजारणीच्या दाराला कुलूप दिसले. वर तिच्या घराचे दार नुसते लोटलेले. आतून वकिलाचा आवाज येत होता. खिडकीपाशी मामंजींची खुर्ची रिकामी होती. खिडकीच्या कठड्यावर सुतळी बांधलेली बाटली, आणि झाकण उघडे, बाजूला पडलेले.

ती तिथेच उभी राहिली.  

“कोण?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“मी, मामंजी.”

“पाय वाजले तसं वाटलंच. पण तू कधी पळत येत नाहीस म्हणून विचारलं. एकाचाच चहा टाकलाय, पाणी वाढवतो.”

ती खुर्चीत बसली.  मग उठली, बाटली उचलली आणि तळहातावर गोळ्या ओतून मोजल्या. पहिल्यांदा चुकल्या. दुसऱ्यांदा मोजल्या. सव्वीस. सकाळची गोळी घेतल्यावरही सव्वीसच उरल्या होत्या, निघताना तिनेच पाहिले होते.

“सूनबाई, मोजून झाल्या की झाकण लाव,” मामंजी आतून म्हणाले. “मघापासून सापडत नाहीये मेलं.”

ते चहा घेऊन आले, भिंतीला कोपर लावून, एकेक पाऊल टाकत. कप भरताना बोटाचे टोक काठाच्या आत धरायचे आणि चटका बसला की थांबायचे, ही त्यांची रीत. तिने कप घेतला. 

“बासरीनेच जाग आली,” ते आपणहून म्हणाले. “म्हटलं, दिवस झोपेतच गेला. बाटली घेतली, झाकण काढलं.”

“मग?”

“मग गजाला हात लावला.”

त्यांनी हात लांब करून खिडकीचा लोखंडी गज धरून दाखवला. खिडकी मावळतीकडे होती.

“पत्रांच्या वेळेलाही या गजांत उन्हाची ऊब असते. आज बर्फ. बासरी म्हणते सोड, गज म्हणतो थांब. दोन सिग्नल भांडायला लागले की गाडी उभी करायची. कोण खरं, ते मग निवांत पाहायचं.”

“म्हणजे तुम्ही बासरीवर घेत नव्हता गोळी?”

“बासरीवरच घेतो. नुसत्या बासरीवर नाही. एका सिग्नलवर गाडी सोडणारा स्टेशनमास्तर तू पाहिलायस? मी पाहिलाय एक. नंतर कुणी पाहिला नाही त्याला.”

“आणि ढगाळ दिवस असला तर?”

“मग आपली शेजारीण. तिचं मशीन धडधडत असेल तोवर दिवस, दिवे लागले की तिचा हात थांबतो. आज मेलं तेही गप्प. गेलीये कुठे बाई?”

“बटणं आणायला गेली असेल.”

“असेल. एवढी कसली बटणं.”

ती हसली, आणि हसता हसता तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. मामंजींनी तिकडे लक्ष दिले नाही, म्हणजे दिल्याचे दाखवले नाही. त्यांनी बशीत थोडा चहा ओतला.

“मग ती बाई नमस्कार म्हणाली आणि तुमचं सगळं बंद पडलं. तेव्हा मात्र मी खाली बसलो.”

“का?”

“अकरा सेकंद झाले.”

तिने कप खाली ठेवला. हा आकडा नोंदवहीत होता आणि तिच्या डोक्यात होता. तिसरीकडे कुठेच नव्हता.

“तू असलीस की दोन कार्यक्रमांच्या मध्ये चार सेकंद जातात,” मामंजी म्हणाले. “तो तुमचा दुपारचा असला की सात. कधी आठ. तुझे चार म्हणजे चार. तीन वर्षांत पाच झालेले नाहीत. आज अकरा झाले. म्हटलं, सूनबाई घाबरली. आता ती घाबरेल कशाला, पत्रांना?”

 लग्न ठरताना याच माणसाने तिला विचारले होते, तुम्ही तिथे नक्की करता काय. ती म्हणाली होती, बोलणाऱ्यांना वेळेवर बोलू देते. त्यावर ते म्हणाले होते, ते कळलं, पण काम काय? पुढे वीस वर्षे त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहूनच गेले. वक्त्यांना श्रोत्यांची पत्रे येत, निवेदकांना तर पिशव्या भरून येत. दोन कार्यक्रमांमधल्या चार सेकंदांना पत्र कोण लिहिणार?

“तो शेवटचं वाक्य बोलला ना,” मामंजी म्हणाले, “ते त्याला लिहून दिलेलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“कळलं मला. घाई नाही, म्हणाला. चांगलं म्हणाला. त्याला कळवलंस?”

“काय?”

“गाडी पोचली म्हणून.” ते जरा पुढे झुकले. “आपल्या स्टेशनात गाडी शिरली की मागच्या स्टेशनाला कळवावं लागतं. नाहीतर तो बिचारा तारेपाशी बसून राहतो. त्याने सोडलेली असते, पुढं काय झालं ते त्याला कुठून दिसणार? मी तसा फार वेळा बसलोय.”

तिने घाईने चपला घातल्या. खाली शेजारीण नुकतीच कुलूप काढत होती. हातात बटणांची पुडी आणि तोंडात दुकानदाराला शिव्या. तिचे पुरते न ऐकताच तिने फोन ओढला. सावकाशरावांनी सवयीप्रमाणे पाचव्या घंटेला उचलला.

घरी सगळे ठीक आहे म्हटल्यावर ते केवढ्यांदा तरी हुश्श म्हणाले. मग तिने नोंदवही उघडायला सांगितली. आजचे पान. दहा शेहेचाळीसची ओळ.

“शेरा राहिलाय तुमचा,” सावकाशराव म्हणाले.

“तोच लिहून घ्या. एकच शब्द. पोचले.”

“काय पोचलं?”

“तेवढंच लिहा. सही उद्या करते.”

“सोमवारी साहेब विचारतील हो, मिनिटबाई,” ते बोलून गेले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

“विचारू देत. मी सांगीन,” ती म्हणाली. “आणि वही एकदा निवेदकांना दाखवा. आत्ताच.”

ती वर आली तेव्हा वकील आवरते घेत होता. त्याने सर्वांना दीर्घायुष्य चिंतून निरोप घेतला. संध्याकाळी बासरी नाही, मधमाश्या आहेत, असे तिने मामंजींना सांगून ठेवले. मग गजावर घेईन, ते म्हणाले, आणि तू आहेसच.

रेडिओ गप्प झाला. यानंतर प्रवासवर्णनाचे वाचन होते. दुपारची ही फट सावकाशरावांची. त्यांचे बोट वर येईपर्यंत माणसाचे पाणी पिऊन होई. तिने कप विसळायला उचलले. मामंजींनी मात्र हाताने तिला थांब अशी खूण केली. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक, दोन, तीन, चार.

“नमस्कार,” निवेदकाचा आवाज म्हणाला.

मामंजींचा अंगठा तिथेच थांबला.

“तो दुपारचाच बसलाय ना खुर्चीवर?” त्यांनी विचारले.

“हो.”

“चार आले. पोचलं त्याला,” ते म्हणाले, आणि खिडकीचा गज चाचपून पाहिला. तो आता कुठे कोमट व्हायला लागला होता.